कालवा, होड्या आणि आमचे मंडळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेडवर येणारे, फोन करणारे आणि लग्नकार्यात कोपऱ्यात गाठून विचारणारे, सगळ्यांचे प्रश्न साधारण हेच असतात. उत्तरे एकदाची लिहून टाकली आहेत. काही लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

तुमचे मंडळ नेमके करते काय?

गोव्यातल्या जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करतो आणि परत पाण्यात घालतो. त्या ज्या पाण्यावर चालायच्या, तिथले धक्के, बांध, मानशी (बांधातले पाण्याचे दरवाजे), तरीच्या म्हणजे होडीने नदी ओलांडायच्या जागा यांची नोंद ठेवतो. सभासदांत बार्जवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या बोटींवर, हयात घालवलेले तांडेल (बोट हाकणारे) आहेत, फेरीबोटीवर नोकरी केलेले आहेत, शाळामास्तर आहेत, सुतार आहेत आणि कॉलेजची मुले आहेत. पैसा कमी, मते भरपूर.

आमचा हट्ट एकच : होडी चालली पाहिजे. काचेआड ठेवलेल्या होडीला सुतार लागत नाही, वल्हे मारणारा लागत नाही, भरतीची वेळ पाहावी लागत नाही. ही तिन्ही कामे करणारी माणसे गेली की उरते ते नुसते लाकूड. त्यामुळे आमच्या होड्या थोड्या खरचटलेल्या, थोड्या गळक्या असतात. बघायला येणाऱ्यांनी तशी तयारी ठेवावी.

गोव्यात कालवा आहे? कुठे?

हा प्रश्न पणजीत राहणारेही विचारतात. बाणस्तारीचा पूल ओलांडून फोंड्याला जाता, तेव्हा खाली दिसते ते पाणी म्हणजे कुंभारजुवे कालवा. उत्तरेला मांडवी आणि दक्षिणेला जुवारी यांना तो जोडतो. त्याच्यामुळेच तिसवाडी हे खऱ्या अर्थाने बेट आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात त्याला २७ क्रमांक मिळाला आणि लांबी सतरा किलोमीटर धरली आहे. मांडवीचा क्रमांक ६८, जुवारीचा १११.

कालवा म्हटला तरी कुणी सरळ रेषेत खणून काढलेला नाही. तो वळणे घेतो, काठाला खारफुटी आहे, दोन्ही टोकांनी भरती आत शिरते. पण त्याचा उपयोग अगदी कालव्यासारखाच झाला. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ वाळूचा बांध आणि लाटा यामुळे बार्ज बाहेर काढता येत नसे. मग मांडवीतून खनिज घेऊन येणाऱ्या बार्ज या कालव्यातून जुवारीत उतरत आणि तिथून मुरगाव बंदर गाठत. पावसात या अरुंद वळणांतून भरलेली बार्ज काढणारा तांडेल काय दर्जाचा असेल, याचा अंदाज आमच्या होडीतून एकदा फिरल्यावर येतो.

इतिहासाच्या पुस्तकांतही हेच पाणी वारंवार येते. पोर्तुगीजांनी तिसवाडीच्या या बाजूला जागोजागी नाकी बसवली होती. बाणस्तारीचा किल्ला आल्बुकेर्कने १५१२ मध्ये वेढा घालून परत घेतला. गवंडाळीला तटबंदीचे अवशेष आजही झाडीत दिसतात. आणि १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने जुव्याचा, म्हणजे सांतइस्तेव्हचा किल्ला घेतला, तो रात्री ओहोटीची वेळ साधून. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन आला आणि मार खाऊन परतला. शाळेत ही लढाई शिकवताना तलवारी सांगतात, ओहोटी सांगत नाहीत. आमच्या मते अर्धी लढाई ओहोटीचीच होती.

इंग्लंडमध्ये कालव्यांवर राहायच्या लांब बोटी असतात. तुम्ही तसेच काही करणार का?

नाही. तिथले कालवे माणसाने खणलेले, बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी नसलेले. पाण्याची उंची बदलायला दरवाजे बांधलेले, आणि त्या दरवाज्यांतून मावावी म्हणून बोट जेमतेम दोन मीटर रुंद. रेल्वे आणि ट्रक आल्यावर ते कालवे बुजायला लागले. १९४६ मध्ये तिथल्या काही हौशी लोकांनी संघटना काढली आणि हट्टाने बोटी चालवत ठेवून कालवे वाचवले. बोटी चालू राहिल्या म्हणून कालवे राहिले, हा धडा आम्ही घेतला. बोटीचा नमुना घ्यायचे कारण नाही. आपल्याकडे दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. उधाणाच्या दिवसांत फरक दोन मीटरच्या घरात जातो. इथली होडी चिखलात बसता येईल अशी, उथळ पाण्यात चालेल अशी आणि एकट्याने ढकलता येईल अशी लागते. ती आपल्याकडे आधीपासून आहे.

तुमच्याकडे कोणत्या होड्या आहेत?

सध्या तीन प्रकार.

पहिला डोण. आंब्याचे एकच खोड कोरून केलेली, एक-दोन माणसांची. मानशीजवळ मासे धरायला, खाजनात (खाडीकाठच्या बांधाआडच्या जमिनीत) जायला, पलीकडच्या वाड्यावर नारळ पोचवायला. हिला शिडे-सुकाणू काही नसते. एक वल्हे आणि एक बांबू. दिसायला सगळ्यात साधी आणि वाचवायला सगळ्यात कठीण, कारण तिला फळ्याच नाहीत. एक फळी कुजली तर बदलता येते, कोरलेल्या खोडाचे काय बदलणार? शिवाय तेवढ्या घेराचे आंब्याचे झाड आता कुणी तोडायला देत नाही, आणि द्यावे असे आम्हालाही वाटत नाही.

दुसरे व्होडें. खाली कोरलेले खोड, त्यावर शिवून चढवलेल्या फळ्या आणि बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा लाकडी आधार. रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणारे असली होडी वापरत. हिच्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

तिसरी एक जुनी प्रवासी लाँच. पोर्तुगीज काळात पणजीहून नदीकाठच्या गावांना जाणाऱ्या मोटर लाँचना लोक गाझोलीन म्हणत. आमची त्यानंतरची, पण घडण त्याच वळणाची. इंजिन बसवलेले नाही. बसवायचे का, यावर प्रत्येक बैठकीत वाद होतो आणि चहा आला की थांबतो.

शिवलेली होडी म्हणजे काय? खिळे नसताना फळ्या सुटत कशा नाहीत?

फळ्यांच्या कडेला सामत्याने भोके पाडतात. दोन फळ्यांच्या सांध्यावर आतून काथ्याची किंवा गवताची वळी ठेवतात आणि सुंभाने दोन्ही फळ्या तिच्यासकट आवळून शिवतात. नंतर भोकांत राळ भरतात, वरून माशाचे तेल. दोन माणसे लागतात, एक आतून, एक बाहेरून. आतला दोरी ओढतो, बाहेरचा दांडक्याने ठोकून टाका बसवतो. टाका सैल आहे की पक्का, हे हाताला आधी कळते, डोळ्यांना नंतर.

फायदा असा की खिळा ठोकलेली होडी किनाऱ्यावर आपटली तर फळी तडकते, शिवलेली लवते. रांपणीची होडी रोज लाटेतून आत काढायची आणि लाटेवरून वाळूत आणून आपटायची, तिथे हा लवचिकपणा हवाच. शिवाय खाऱ्या पाण्यात लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतीचे लाकूडही खातो. काथ्या खाऱ्या पाण्याला टिकाऊ. दर दोन-तीन वर्षांनी टाके काढून पुन्हा शिवायचे, हा मात्र ठरलेला खर्च.

१९७० च्या दशकात ट्रॉलर वाढले, रांपणकारांना मासळी मिळेना, त्यांचे मोठे आंदोलन झाले आणि १९८० मध्ये गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. पण तोवर रांपणी बऱ्याच मोडल्या होत्या. रांपण बंद पडली की तिच्या होडीला शिवायचे कारण उरत नाही. फायबर आले आणि सुंभाचे काम जवळपास संपले.

आणि मग गंमत पाहा. दिवाडी बेटावर, म्हणजे आमच्या शेडपासून फार दूर नाही, २०२३ च्या सप्टेंबरात एका शिवलेल्या जहाजाचा पठाण (तळाचा कणा) मांडला गेला. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून आराखडा, केरळहून आलेले कारागीर, काथ्याचे टाके, चौकोनी शिडे, इंजिन नाही. नौदलाने मे २०२५ मध्ये ते ‘कौंडिण्य’ या नावाने दाखल करून घेतले आणि डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून निघून ते जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. याच बेटावर ‘म्हादई’ आणि ‘तारिणी’ या जगप्रदक्षिणा केलेल्या शिडाच्या नौकाही बांधल्या गेल्या. ‘कौंडिण्य’चा आम्हाला अभिमान आहे. एकच खंत वाटते : टाके घालायला केरळहून माणसे आणावी लागली. गोव्यातले हात तोवर शिल्लक असते तर बरे झाले असते.

दुरुस्ती कशी करता? बघायला येऊ का?

जरूर या. मार्च ते मे हा खरा हंगाम. पाऊस लागायच्या आत काम उरकायचे असते.

होडी आधी उधाणाच्या भरतीला वर ओढून घेतो, म्हणजे ढकलायचे अंतर कमी होते. मग खालचा शेवाळ आणि चिकटलेली कालवे (शिंपले) खरवडायची. हे काम नव्या सभासदांना देतो आणि त्यावरून कोण टिकणार ते कळते. त्यानंतर सुतार टोचणी घेऊन फळी फळी टोचत जातो. चांगल्या लाकडात टोचणी अडते, कुजक्यात लोण्यात जावी तशी जाते. बाहेरून रंग झकास आणि आतून भुसा, असे पुष्कळदा निघते.

सगळ्यात वाईट शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा तेरेडो. नाव किड्याचे असले तरी तो शिंपल्याच्या कुळातला. लाकडात शिरताना केसाएवढे भोक करतो, म्हणून बाहेरून दिसत नाही. आत बोटाएवढे बोगदे. त्याला खारे पाणी लागते. पावसाळ्यात नदीचे पाणी गोडे झाले की तो मरतो. खाडीच्या वरच्या अंगाला नांगरलेल्या होड्या मुखाजवळच्या होड्यांपेक्षा जास्त जगतात, त्याचे हे एक कारण. पण तेच पावसाचे पाणी होडीच्या आत साचले की बुरशी येते आणि लाकूड तळापासून कुजते. थोडक्यात, गोडे पाणी बाहेरून औषध आणि आतून विष.

खिळ्यांच्या होडीत सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस छिन्नी-मोगरीने ठासतात. आमचे जुने सुतार हे काम करताना कुणाला बोलू देत नाहीत. कापूस कमी असला की मोगरीचा आवाज बद्द येतो, भरला की टणक होतो. त्या आवाजावर ते पुढे सरकतात. पोरांनी मोबाइलवर गाणी लावली की छिन्नी खाली ठेवून बिडी शिलगावतात. शेवटी राळ आणि तेल गरम करून वरून ओततात. इपॉक्सी (वाळून कडक होणारे रासायनिक लेपण) का लावत नाही, असे इंजिनियर मंडळी विचारतात. ओलसर जुन्या लाकडावर कडक थर दिला की आतला ओलावा आतच कोंडतो. नव्या, नीट सुकलेल्या लाकडाला ते ठीक. आमच्याकडे तसे लाकूड फार नसते.

पाण्यात घातल्यावर पहिले दोन दिवस होडी गळते. घाबरू नये. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आपोआप बसतात. तोवर डबा हातात ठेवायचा.

फायबरच्या होड्या स्वस्त आणि टिकाऊ. मग हा खटाटोप कशाला?

मच्छीमाराने फायबर घेतली तर आम्ही त्याला नावे ठेवत नाही. त्याचे पोट त्यावर आहे. आमचे पोट यावर नाही, म्हणून आम्हाला खटाटोप परवडतो.

गंजलेल्या बार्जलाही तुम्ही वारसा म्हणता. हे जरा अति नाही का?

मंडळातच अर्ध्यांना तसे वाटते. हे उत्तर उरलेल्या अर्ध्यांच्या वतीने.

गोव्याच्या नद्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे काम केले ते मुख्यतः खनिजवाहतुकीचे. डिचोली, सांगे, धारबांदोड्याच्या खाणींतून माल ट्रकने नदीवर, नदीतून बार्जने मुरगावला. एका फेरीत हजार, दोन हजार टन. सुरुवातीला लाकडी पडाव, मग पोलादी बार्ज. बेतीपासून वास्कोपर्यंत गोद्या चालल्या, वेल्डर झाले, तांडेल झाले. आमच्यातल्या कितीतरी घरांच्या भिंती बार्जच्या पगारावर उभ्या आहेत. खाणींनी डोंगर आणि शेते काय केली, तेही आम्ही पाहिले आहे. पण वारसा म्हणजे फक्त गोड आठवणी असे कुठे आहे?

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मर्यादा घालून पुन्हा सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा थांबल्या. बार्ज वर्षानुवर्षे नांगरून राहिल्या आणि एकेक करून भंगारात गेल्या. आख्खी बार्ज सांभाळण्याची आमची ऐपत नाही. आम्ही सुकाणूचे चाक, नावाच्या पाट्या, नोंदवह्या आणि तांडेलांच्या मुलाखती गोळा करतो. कुठल्या वळणावर कुठले झाड धरून बार्ज वळवायची, हे कागदावर कुठेच नाही, माणसांच्या डोक्यात आहे. ती माणसे सत्तरीच्या पुढे गेली आहेत.

आणि मांडवीतली कॅसिनोंची जहाजे?

नाही.

फेरीबोटी तर अजून चालू आहेत. त्यांची काळजी कशाला?

चालू आहेत म्हणूनच. पूल झाला की फेरी बंद होते आणि मग धक्क्यावरचे दुकान, चहाची टपरी, वाट बघायची सवय, सगळे जाते. शिवोली-चोपडे, हळदोणे-खोर्जुवे इथे पूल झाले, लोकांची सोय झाली, ते योग्यच. पण पुलाचाही भरवसा किती? मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, तेव्हा भर पावसात पणजी ते बेती लोकांना पुन्हा फेरीबोटीनेच नेले. पायी जाणाऱ्याला आजही फेरीचे तिकीट नाही. २०२५ पासून चोडण-रायबंदर मार्गावर मोठ्या रो-रो बोटी (वाहने थेट आत चढतात-उतरतात अशा) आल्या आहेत. जुन्या बोटी निकालात निघण्याआधी त्यांची मापे घेणे, फोटो काढणे, खलाशांशी बोलणे हे काम आम्ही करतो आहोत. मदत हवी आहे.

मानस, बांध, खाजन यांच्याशी होड्यांच्या मंडळाचा काय संबंध?

होडीला पाणी लागते आणि इथले पाणी बांधांनी घडवलेले आहे.

खाडीकाठची सखल जमीन बांध घालून समुद्रापासून सोडवलेली, ती खाजन. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावकरी हे करत आले. १५२६ च्या, पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाच्या सनदेत गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद झाली. बांधाचा गाभा चिखलाचा, बाहेरून चिऱ्यांचे अस्तर, पुढे लाटा अडवायला खारफुटी. बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. हात लावायला नको. भाताच्या वेळी खारे पाणी आत घ्यायचे नाही, कापणी झाल्यावर घ्यायचे, त्याबरोबर कोळंबी आणि मासे येतात. मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो आणि पूर्वी त्यातून बांधाची डागडुजी निघे.

लिलावाची बोली चढली तशी मानस उघडी ठेवायची हाव वाढली. शेती परवडेना, मग बांधाकडे बघणार कोण? एक भगदाड पडले की खारे पाणी शेतात, दोन-चार वर्षांत तिथे खारफुटी, आणि मग कायद्याने ती तोडता येत नाही. डोण ज्या पाणवाटेने जायची ती वाट बंद. ज्या बांधावरून चालत धक्क्यावर यायचे तो बांधच नाही. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात आम्ही एक दिवस होडीतून बांध बघत जातो, कुठे फुटला, कुठली झडप मोडली ते नकाशावर मांडतो आणि ज्या-त्या शेतकरी संघटनेला कळवतो. दुरुस्ती त्यांच्या हाती. कधी होते, कधी होत नाही.

कालव्यात मगरी आहेत म्हणे?

आहेत. गोड्या पाण्यातली मगर, पण या खाऱ्या कालव्यात ती पिढ्यान्‌पिढ्या राहते आहे. ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेली दिसते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, त्यामुळे त्रास द्यायचा नाही, खायला टाकायचे नाही, सेल्फीसाठी जवळ होडी न्यायची नाही.

दुर्भाट-आडपईकडचे लोक पौष अमावास्येला मांगे थापणी करतात : शेताच्या बांधावर चिखलाची मगर थापून, अंगावर शिंपले टोचून तिची पूजा. बांध राखणारी म्हणून. आमच्या सहलीत पुढच्या दांडीवर हात पाण्यात सोडून बसणारे पाहुणे असतात. त्यांना आम्ही आधी हेच सांगतो, मग हात आपोआप आत येतो.

सहल कधी असते? वेळ दर वेळी वेगळी का?

नोव्हेंबर ते मे, महिन्यातून दोन रविवार. जून ते ऑक्टोबर सहलीला होड्या बाहेर नेत नाही.

वेळ आम्ही ठरवत नाही, भरती ठरवते. साधारण सहा तास पाणी चढते, सहा तास उतरते आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी उशिरा. जुना हिशेब तिथीचा : तिथीला पाऊणने गुणायचे, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईकडचा. गोव्यात भरती त्याच्या आधी येते, आणि मुखापासून आत जावे तसा पुन्हा उशीर. तेव्हा हिशेब गप्पांसाठी ठेवा आणि आम्ही कळवलेली वेळ पाळा. दहा मिनिटे उशिरा आलात तर होडी थांबेल, पाणी थांबणार नाही.

वर्गणीदारांना सहल मोफत. इतरांकडून तेलपाण्यापुरते घेतो.

पोहता येत नाही. मुले आणली तर चालतील?

चालतील. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचे, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. सहा वर्षांखालची मुले डोणीत नाही, फक्त मोठ्या होडीत. दारू पिऊन आलेला पाहुणा धक्क्यावर बसतो.

सांगोडाला तुमच्या होड्या देता का?

देतो, आणि आनंदाने. कुंभारजुव्यात गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी होड्या जोडून त्यावर पौराणिक देखावे उभे करतात आणि कालव्यातून मिरवतात. काठावर पाय ठेवायला जागा नसते. बार्देशात २९ जूनच्या संत पेद्रूच्या फेस्ताला मासेमार होड्या जोडून सांगोड करतात, त्यावर गाणी आणि तियात्र (कोकणी नाटक). साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात त्रिपुरारी पौर्णिमेला सजवलेल्या छोट्या नौका सोडतात, तिथे आम्ही नुसते बघे.

सांगोडासाठी होडी देताना दोन अटी : खिळे ठोकायचे नाहीत, दोरीने बांधायचे, आणि जनरेटर होडीच्या मधोमध, कडेला नाही. एका वर्षी एका मंडपवाल्याने आमच्या नव्या फळीत पाच इंची खिळे मारून ठेवले. तेव्हापासून बांधाबांधीला आमचा माणूस असतो.

आमच्या माडात आजोबांची जुनी होडी पडून आहे. घ्याल का?

आधी बघायला येऊ. सगळ्याच होड्या वाचत नाहीत. वाचण्यासारखी नसली तर मापे घेऊन, आराखडा काढून, जमले तर एखादा चांगला भाग जपून ठेवतो.

तोवर एवढे करा. होडी पालथी घाला, किंवा निदान तिरकी ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. जमिनीला टेकू देऊ नका, खाली माडाचे ओंडके द्या. वाळवी तिथूनच चढते. वर झावळ्या घाला, प्लास्टिक नको, ते घाम कोंडते. भर उन्हात ठेवू नका, फळ्या आकसून सांधे उघडतात. आणि कृपा करून ऑइलपेंट मारून आम्हाला बोलावू नका. रंगाखाली काय आहे ते शोधण्यात आमचा महिना जातो.

होडी कुणाची, कुठे बांधली, कुणी बांधली, काय वाहायची, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून लिहून ठेवा. हे काम आजच करा. होडी आणखी एक पावसाळा काढेल.

रेस्टॉरंटच्या दारात शोभेला ठेवायला एखादी होडी मिळेल?

नाही. असल्या मागण्या महिन्याला येतात. काहींनी दुसरीकडून घेतल्या आणि मधोमध कापून पुस्तकांचे कपाट केले, दारूचा काउंटर केला. होडी त्यांची, पैसे त्यांचे. आमच्याकडून मात्र त्यासाठी एक वल्हेही मिळणार नाही.

रेती काढणाऱ्या होड्यांबद्दल मंडळाची भूमिका काय?

बेकायदा रेती उपशाने काठ ढासळतात, बांध फुटतात. आमचा त्याला विरोध आहे. मात्र एक गोष्ट खरी आहे : गेली कित्येक वर्षे गोव्यात नव्या लाकडी होड्या बांधायला ज्यांनी सुतारांना काम दिले, त्यांत रेतीवाले मोठे गिऱ्हाईक होते. आमच्याकडचे सुतारही तिथेच तयार झाले. त्यांना दुसरे काम मिळेपर्यंत या प्रश्नाचे सोपे उत्तर आमच्याकडे नाही.

परवाने लागतात का?

लागतात. गोव्यात नदीतल्या जलयानांचा कारभार बंदर कप्तान खात्याकडे आहे, आणि १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. इंजिन बसवले की नोंदणी, तपासणी, विमा सगळे आले. आमच्या लाँचमध्ये इंजिन का बसत नाही, याचे हेही एक कारण. स्वतःची होडी आणून आमच्या धक्क्याला लावायची असेल तर कागद बरोबर आणा.

जुने फोटो, तिकिटे, पत्रे आहेत. उपयोग होईल?

होईल. मूळ वस्तू तुमच्याकडेच ठेवा, आम्ही स्कॅन करून परत देतो. मुंबई-पणजी आगबोटीची तिकिटे, बंदरावर नातेवाईकांना घ्यायला गेलेल्यांचे फोटो, लाँचचे वेळापत्रक, नारळ-कौले-मिठाच्या हिशेबाच्या वह्या, सगळे चालते. फोटोत माणसे पुढे आणि होडी मागे अर्धीच आली असेल तरी आणा. आम्हाला मागचीच हवी असते.

विशेष शोध आहे तो कुठ्ठाळी-मडकईच्या बाजूच्या जुन्या तरींच्या नोंदींचा. सोळाव्या शतकात देव हलवले, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला १५६० मध्ये आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, ते सगळे जुवारी ओलांडून. कुठल्या तरीवरून, कुणाच्या होडीतून, याच्या आख्यायिका घराघरांत आहेत. त्या आख्यायिका म्हणूनच, पण नीट लिहून घ्यायच्या आहेत.

बैठका कोणत्या भाषेत होतात?

भांडण कोकणीत, इतिवृत्त मराठीत, सरकारी अर्ज इंग्रजीत.

सभासद व्हायचे आहे. काय करावे लागेल?

वर्गणी वर्षाला ५०० रुपये, विद्यार्थ्यांना १००. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हंगामात महिन्यातून एक सकाळ काम. सुतारकाम येत नसले तरी चालते; खरवडणे, तेल लावणे, चहा करणे, जुन्या माणसांशी बोलून लिहून घेणे, नकाशे काढणे, अशी कामे असतात. जुने कपडे घाला, कारण माशाच्या तेलाचा वास तीन धुण्यांत जातो. चपला नकोत, चिखलात राहतात. ओहोटीला आलात तर गाडी वरच्या रस्त्यावर लावा. भरतीला खालचा रस्ता पाण्याखाली असतो.